किती एक्स? झूम लेन्सच्या पल्ल्याचा हिशेब

कॅमेऱ्याच्या दुकानात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘झूम किती?’ आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा एका आकड्यात संपतं. तीन एक्स, अकरा एक्स, एकशे पंचवीस एक्स. आकडा जितका मोठा तितकं लांबचं दिसणार, हा समज घेऊन गिऱ्हाईक येतं आणि तोच घेऊन घरी जातं. माझ्या मते लेन्सच्या खोक्यावर छापलेल्या सगळ्या आकड्यांत एक्सचा आकडा सर्वांत कमी कामाचा आहे. तो खोटा नसतो, पण घेणाऱ्याला जे जाणून घ्यायचं असतं ते तो सांगत नाही. भिगवणला पक्ष्यांसाठी जाणारा, घरच्या लग्नात फोटो काढणारा आणि वारीबरोबर दिवे घाट चढणारा, या तिघांना लागणारे झूम एकमेकांपासून फार वेगळे आहेत, आणि तो वेगळेपणा एक्समध्ये कुठेच दिसत नाही.

एक्स म्हणजे नुसता भागाकार. लेन्सची सर्वांत मोठी फोकल लेंग्थ भागिले सर्वांत छोटी. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची किट लेन्स घेतली तर ५५ भागिले १८, म्हणजे तीन एक्स. खेळाचे आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्या बॅगेत असतेच अशी ७०-२०० घेतली तर भागाकार तीनच्याही खाली उतरतो, २.८६. वन्यजीवांसाठी घेतली जाणारी १५०-६०० चार एक्सची, आणि प्रवासात दिवसभर गळ्यात वागवायची २४-१०५ जवळजवळ साडेचार एक्सची. नुसत्या एक्सवर गेलं तर २४-१०५ ही १५०-६०० च्या वर बसेल, आणि ती घेऊन जंगलात गेलेला माणूस झाडावरच्या घुबडाकडे हताशपणे बघत राहील. लेन्सची दोन टोकं एकमेकांपासून किती लांब आहेत एवढंच एक्स सांगतो. ती टोकं मुळात आहेत कुठे, हे तो सांगत नाही.

ते कळतं फोकल लेंग्थवरून, शाळेत ज्याला नाभीय अंतर म्हणतात त्यावरून. ती मिलिमीटरमध्ये लिहितात, पण डोक्यात ठेवावा तो तिच्यामुळे मिळणारा कोन. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फुल फ्रेम सेन्सरवर, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजलं तर १६ ची लेन्स १०७ अंशांचा देखावा सामावून घेते, २४ ची ८४, ३५ ची ६३, ५० ची ४७, ७० ची ३४, २०० ची १२, ४०० ची ६ आणि ६०० ची ४. या आकड्यांची उतरण बघण्यासारखी आहे. २८ वरून २४ वर आलं, म्हणजे फक्त चार मिलिमीटर कमी केले, की नऊ अंश जास्त दिसतात. तिकडे ४०० वरून ६०० वर जायला दोनशे मिलिमीटर खर्चून कोन दोनच अंशांनी आवळतो. त्यातून समोरची वस्तू दीडपट मोठी होते हे खरं, आणि पक्षी टिपणाऱ्याला ते दीडपट हवंच असतं. पण ५०० आणि ६०० मध्ये तोच फरक सव्वापटीपर्यंतही जात नाही. रुंद टोकाचा प्रत्येक मिलिमीटर मोलाचा असतो, लांब टोकाचे शंभर मिलिमीटरही कधीकधी जाणवत नाहीत.

तरीही लेन्स घेताना सगळ्यांचं लक्ष लांबच्या टोकावर असतं. वाड्याच्या चौकात, देवळाच्या सभामंडपात, अजिंठ्याच्या एखाद्या लेण्यात उभं राहिलं की खरी अडचण कळते, कारण तिथे मागे सरकायला जागाच नसते. पाठ भिंतीला टेकते आणि समोरचा अर्धा खांब चौकटीबाहेर राहतो. लांबचं छोटं आलं तर नंतर कापून मोठं करता येतं, चौकटीत न आलेलं मात्र नंतर आणता येत नाही. म्हणून २८-२०० आणि २४-१०५ यांत एकच घ्यायची झाली, तर फिरस्त्या माणसाला मी २४-१०५ सुचवेन, एक्स बराच कमी असला तरी.

इथे सेन्सरच्या आकाराचा मुद्दा येतो. वरचे सगळे कोन फुल फ्रेमचे आहेत. बहुसंख्य हौशी कॅमेऱ्यांत त्याहून लहान, एपीएस-सी आकाराचा सेन्सर असतो. तो त्याच लेन्समधून आलेल्या प्रतिमेचा मधला भाग तेवढा घेतो. निकॉन, सोनी, फुजी यांच्या अशा कॅमेऱ्यांसाठी फोकल लेंग्थला दीडने गुणायचं, कॅननसाठी १.६ ने, मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्यांसाठी २ ने. म्हणजे १८-५५ तिथे साधारण २७-८२ सारखी वागते, आणि १०० ते ४०० ची लेन्स मायक्रो फोर थर्ड्सवर २०० ते ८०० सारखी. लेन्स बदलत नाही, चौकट लहान होते. एक्स मात्र तसाच राहतो, कारण गुणिले दीड वर आणि खाली दोन्हीकडे झालेलं असतं. छोट्या सेन्सरचा पक्षी टिपणाऱ्याला फायदा आहे आणि वाड्याच्या चौकात उभ्या असलेल्याला तोटा, हे एक्स पाहून कधीच कळणार नाही.

आता भिगवण. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित येतात, त्यांच्यासोबत बदकं, सुरय, खंडे, धोबी येतात, आणि पहाटेपासून नावा निघतात. कुठली लेन्स लागेल, हा प्रश्न इथे जितका विचारला जातो तितका क्वचितच कुठे विचारला जात असेल. त्याचं उत्तर एका साध्या गुणाकारात आहे: वस्तूची उंची गुणिले फोकल लेंग्थ, भागिले अंतर, की वस्तू सेन्सरवर किती मोठी पडेल ते मिळतं. छोटा खंड्या सुमारे १६ सेंटीमीटरचा. तो वीस मीटरवर बसला आहे आणि तुमच्याकडे ६०० आहे, तर सेन्सरवर तो ४.८ मिलिमीटरचा पडेल. सेन्सरची उंची २४ मिलिमीटर. म्हणजे सहाशेची अवजड लेन्स लावूनही पक्षी चौकटीच्या जेमतेम एक पंचमांश. ३०० ने तोच पक्षी एक दशांश होतो. पण त्याच ३०० ने दहा मीटरवरून टिपला, तर पुन्हा ४.८ मिलिमीटर, अगदी सहाशेइतकाच.

फोकल लेंग्थ दुप्पट करणं आणि अंतर निम्मं करणं, आकाराच्या बाबतीत दोन्हींचं फळ एकच. त्यात अंतर निम्मं केलं की मधली हवा, धुकं, पाण्यावरची वाफ हेही निम्मं होतं, ते कुठल्याही लेन्सला जमत नाही. भिगवणचा जाणता नावाडी इंजिन बंद करून, बांबूने नाव सरकवत, पक्ष्याला बिथरू न देता जवळ नेतो. त्याचं कसब कुठल्याही महागड्या लेन्सपेक्षा जास्त फोटो मिळवून देतं. मात्र जवळ जाण्यालाही मर्यादा हवी. थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून रोहितांच्या अंगावर नाव घालायला लावणारे लोक असतात. लांबून आलेल्या पक्ष्यांना चरताना असं पुन्हा पुन्हा उठवणं हा अत्याचार आहे. जिथे जवळ जाणं बरोबर नाही तिथेच लांब पल्ल्याच्या लेन्सचं खरं काम सुरू होतं. रोहित सव्वा मीटरच्या पुढे उंच असतो. साठ मीटरवरून ४०० ने तो चौकटीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येतो, ६०० ने निम्म्याहून थोडा जास्त. एका पक्ष्यासाठी ६०० उत्तम, थव्यासाठी ४०० पुरे, आणि थव्यासोबत पाणी, आकाश, उगवतीचा रंग हवा असेल तर ७०-२०० सुद्धा.

ताडोब्यात तोच हिशेब उलटतो. वाघ खांद्यापाशी साधारण मीटरभर उंच. चाळीस मीटरवरच्या पाणवठ्यावर तो बसला आहे, ६०० ने तो पंधरा मिलिमीटरचा पडतो, फोटो छान भरतो. मग तो उठतो आणि जिप्सींच्या दिशेने रस्त्यावरून चालत येतो. दहा मीटरवर आला की ६०० ने त्याची प्रतिमा साठ मिलिमीटरची होते, म्हणजे सेन्सरच्या अडीचपट. चौकटीत उरतात एक डोळा आणि थोडे पट्टे. २०० वर आणलं तर वीस मिलिमीटर, जेमतेम मावतो. १०० वर आणलं तर दहा मिलिमीटर, आणि तेव्हाच वाघाच्या मागचे साग, बांबू, रस्त्यावरची लाल माती हे सगळं फोटोत येतं. मे महिन्याच्या धुळीत, हलत्या जिप्सीत लेन्स बदलणं हा पर्याय नव्हेच. म्हणून जंगलातल्या सफारीसाठी १००-४०० किंवा १००-५०० ही लेन्स मला २००-६०० पेक्षा जास्त शहाणपणाची वाटते. झूमचं लांब टोक सगळे मोजतात, जवळचं टोक कुठे सुरू होतं हे कुणी बघत नाही, आणि आयुष्यातला सर्वांत जवळून दिसलेला वाघ त्यापायीच हातचा जातो.

उन्हाळ्यातलं आणखी एक सत्य लेन्स विकणारे सांगत नाहीत. सकाळी नऊ-दहानंतर जमीन तापली की हवेचे थर थरथरू लागतात, आणि शंभर मीटरपलीकडचं सगळं पाण्यातून बघावं तसं हलतं. अशा वेळी ६०० ने काढलेला फोटो ३०० ने काढलेल्या फोटोपेक्षा मोठा येईल, पण तपशील जास्त येणार नाही. महागडी लेन्स खराब निघाली म्हणून दुकानदाराशी भांडायला जाणाऱ्यांतले कित्येक जण खरं तर भर दुपारच्या हवेशी भांडत असतात.

पल्ल्याबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज असा, की टेली लेन्स अंतरं दाबते आणि वाइड लेन्स ती ताणते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडकडे जाताना दिवे घाट चढते. घाटाच्या वळणांवर माणसांचे थर एकावर एक रचल्यासारखे दिसतात, पताका एकमेकींना चिकटलेल्या वाटतात, असे फोटो दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात, आणि ते बहुतेक लांब लेन्सने काढलेले असतात. पण ती दाटी लेन्सने केलेली नसते. छायाचित्रकार समोरच्या कड्यावर, लांब उभा असतो. पुढचा वारकरी त्याच्यापासून ३०० मीटरवर, मागचा ३३० मीटरवर, म्हणजे दोघांच्या आकारात फरक फक्त एक दशांशाचा. त्याच जागेवरून २४ ने फोटो काढून मधला भाग मोठा केला, तरी दाटी तेवढीच दिसेल, फक्त फोटो भुरकट असेल. दिंडीच्या आत शिरून दोन मीटरवरच्या टाळकऱ्याचा २४ ने फोटो काढला, तर त्याच्या मागे, कॅमेऱ्यापासून चार मीटरवर असलेला माणूस निम्मा दिसतो. परस्पेक्टिव्ह ठरतं ते आपण कुठे उभे आहोत त्यावर. झूम फक्त त्या जागेवरून चौकट किती मोठी घ्यायची ते ठरवतो. हे एकदा पटलं की झूमची रिंग फिरवण्याआधी पाय हलवायची सवय लागते. आधी जागा, मग रिंग. ज्यांचे फोटो पाहून आपण थबकतो त्यांच्या कामात हाच क्रम असतो.

पल्ल्याची किंमत उजेडात मोजावी लागते. लेन्सचा एफ नंबर म्हणजे फोकल लेंग्थ भागिले प्रकाश आत येतो त्या छिद्राचा दिसणारा व्यास. २०० मिलिमीटरला एफ/२.८ हवं, तर ते छिद्र ७१ मिलिमीटरचं लागतं, म्हणून ७०-२०० एफ/२.८ च्या पुढच्या काचेवर बहुधा ७७ मिलिमीटरचा फिल्टर बसतो आणि लेन्सचं वजन एक ते दीड किलोच्या घरात जातं. ६०० ला एफ/६.३ एवढंच ठेवलं तरी छिद्र ९५ मिलिमीटरचं होतं. सिग्माची १५०-६००, सोनीची २००-६००, निकॉनची १८०-६०० या साऱ्यांवर ९५ चा फिल्टर किंवा त्याहून मोठा लागतो, तो योगायोग नव्हे. यापेक्षा लहान काचेत ते बसतच नाही.

स्वस्त झूमवर ३.५-५.६ असे दोन आकडे असतात. रुंद टोकाला एफ/३.५, लांब टोकाला एफ/५.६. १८-५५ ची रिंग ५५ वर नेली की उजेड जवळजवळ अडीचपट कमी होतो. ५० मिलिमीटर एफ/१.८ ची साधी प्राइम, म्हणजे एकाच फोकल लेंग्थची, लेन्स त्याच जागी ५.६ च्या जवळजवळ दहापट उजेड घेते. लग्नाच्या हॉलमध्ये हा फरक थेट दिसतो. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, दोघं एकमेकांना हार घालतात. हे सगळं काही सेकंदांत होतं, पिवळ्या दिव्यांखाली, आणि माणसं हलत असतात. शटर एक दोनशेवर ठेवायचा तर ५.६ वर आयएसओ, म्हणजे सेन्सरच्या संवेदनशीलतेचा आकडा, १२८०० कडे धावतो. २.८ वर तोच ३२०० मध्ये भागतो. म्हणून लग्नं टिपणारे लोक तीन एक्सच्याही खालच्या दोन लेन्स, २४-७० आणि ७०-२००, दोन बॉडींना लावून फिरतात. त्यांना अकरा एक्सची एकच लेन्स परवडत नाही असं नाही. तिच्यात त्यांचं काम होत नाही.

हा तीन एक्सचा दंडक आला कुठून, त्याला इतिहास आहे. फोकल लेंग्थ बदलायची तर लेन्समधले काचांचे गट एकमेकांपासून दूर-जवळ सरकवावे लागतात. एक गट सरकला की प्रतिमा मोठी होते, पण फोकसही ढळतो, आणि तो जागेवर आणायला दुसरा गट वेगळ्याच गतीने सरकावा लागतो. अमेरिकेत क्लाइल अ‍ॅलन याने १९०२ साली बदलत्या फोकल लेंग्थच्या लेन्सचं पेटंट घेतलं होतं. प्रत्यक्ष कामात आलेली पहिली महत्त्वाची लेन्स म्हणजे १९३२ ची बेल अँड हॉवेल कुक व्हॅरो, ४०-१२० मिलिमीटरची, चित्रपटाच्या कॅमेऱ्यासाठी. म्हणजे तीन एक्सच. व्हिएन्नात जन्मलेल्या आणि अमेरिकेत गेलेल्या फ्रँक बॅक यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर झूमार लेन्स टेलिव्हिजनसाठी आणली, आणि त्यांच्याच रचनेवर १९५९ साली फोक्टलेंडरची ३६-८२ एफ/२.८ ही स्थिरचित्रणाच्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यांसाठीची पहिली बाजारात आलेली झूम निघाली. निकॉनची ४३-८६ आली १९६३ साली. तिचा पल्ला दुपटीचा, कडेच्या सरळ रेषा वाकवण्याबद्दल तिच्या नावाने बोटं मोडली गेली, तरी ती खूप खपली, कारण लेन्स न बदलता चौकट बदलण्याची सोय लोकांना पहिल्यांदाच खिशाला झेपेल अशा रूपात मिळाली.

चित्रपटाची वाट वेगळी होती. फ्रान्समध्ये पिएर अँजेनिओने १९५० च्या दशकात गट सरकवण्याचं काम अचूक कापलेल्या खाचांवर सोपवलं आणि चार एक्स, मग दहा एक्स अशी मजल मारली. त्याच्या लेन्सना एक गुण सांभाळावाच लागायचा: शॉट चालू असताना झूम केला तरी फोकस हलता कामा नये. सत्यजित राय यांनी ‘चारुलता’मध्ये (१९६४) झूमचा नेमका उपयोग केला, स्टॅन्ली कुब्रिकने ‘बॅरी लिंडन’साठी (१९७५) वीस एक्सची झूम वापरून चेहऱ्यापासून सुरू होऊन अख्ख्या प्रदेशापर्यंत संथ उलगडत जाणारे शॉट घेतले. त्याच काळातल्या हिंदी चित्रपटांनी धक्क्याच्या क्षणी डोळ्यांवर झेपावणाऱ्या झूमचा इतका अतिरेक केला की पुढच्या पिढीने ते तंत्रच टाकून दिलं. आज स्थिरचित्रणासाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच झूम लेन्स तो जुना गुण पाळत नाहीत. रिंग फिरवली की फोकस थोडा ढळतो, ऑटोफोकस तो लगेच सावरतो, म्हणून कळत नाही. व्हिडिओ काढणाऱ्याला मात्र ते कळतं, आणि उशिरा कळतं.

एकाच लेन्समध्ये सगळं, ही ओढ त्यानंतरची. टॅमरॉनने १९९२ साली २८-२०० आणली. २००५ मध्ये निकॉनची १८-२०० आली, अकरा एक्सची, हात हलण्याचा परिणाम कमी करणाऱ्या व्यवस्थेसह, आणि कित्येक घरांत तीच एकमेव लेन्स ठरली. २०१७ मध्ये टॅमरॉनची १८-४००, बावीस एक्स. २०२४ मध्ये निकॉनने फुल फ्रेमसाठी २८-४०० काढली, चौदा एक्सची, आणि तिचं वजन पाऊण किलोच्या आत ठेवलं. ते वजन साधलं कसं, हे तिच्या नावातच आहे: एफ/४ ते एफ/८. चारशेवर एफ/८ म्हणजे छिद्र पन्नास मिलिमीटरचं. भर उन्हात ती उत्तम, संध्याकाळच्या जंगलात हतबल. अशा लेन्सची मी कधीच निंदा करणार नाही. आईवडिलांना चारधामला घेऊन जाणारा माणूस तीन लेन्स वाहत बसू शकत नाही, आणि न काढलेल्या फोटोपेक्षा एफ/८ चा फोटो केव्हाही चांगला.

या ओढीचं टोक म्हणजे निकॉनचा कूलपिक्स पी१०००, साल २०१८, एकशे पंचवीस एक्स, २४ ते ३००० मिलिमीटर. त्या तीन हजारांत चंद्र चौकट भरून उरतो, कारण सेन्सरवर चंद्राचा व्यास फोकल लेंग्थच्या एकशेदहाव्या भागाएवढा पडतो. ६०० ला साडेपाच मिलिमीटर, तीन हजारांना सत्तावीस. पण हे तीन हजार फुल फ्रेमच्या भाषेतले. खरी फोकल लेंग्थ ४.३ ते ५३९ मिलिमीटर आहे, आणि सेन्सर नखाएवढा. म्हणूनच ते दीड किलोच्या आत बसलं. फुल फ्रेमला खरोखर ३००० एफ/८ करायची, तर छिद्राचा व्यास ३७५ मिलिमीटर भरेल, म्हणजे पुढे परातीएवढी काच. लहान सेन्सरची किंमत दुसऱ्या बाजूने वसूल होते. एफ/८ वर प्रकाशाच्या एका बिंदूचा ठिपका विवर्तनामुळे सुमारे दहा मायक्रॉन पसरतो, आणि या सेन्सरचा एक पिक्सेल सव्वा-दीड मायक्रॉनचा. सोळा मेगापिक्सेल छापलेले असले तरी लांबच्या टोकाला तेवढा तपशील भौतिकशास्त्रच येऊ देत नाही. चंद्रावरची विवरं बघायला, किनाऱ्यावरून जहाजाचं नाव वाचायला हा कॅमेरा आनंददायक आहे. पक्ष्याच्या पिसाचा पोत हवा असेल तर नाही.

मैदानाच्या कडेला उभे असणारे क्रिकेट प्रक्षेपणाचे कॅमेरे याच एक्सच्या घरात असतात. कॅननची त्यासाठीची एक लेन्स एकशे बावीस एक्सची आहे, ८.२ ते १००० मिलिमीटर, वजन वीस किलोंच्या वर, किंमत घराच्या किमतीशी तुलना करावी अशी. अख्ख्या मैदानापासून फलंदाजाच्या भुवईपर्यंत ती एका दमात जाते, फोकस न ढळता. पी१००० आणि ही, दोघांच्या एक्समध्ये फरक नाही म्हणण्याइतका थोडा. बाकी सगळ्यातच फरक आहे.

फोनच्या बाबतीत थोडक्यात सांगायचं तर तिथला एक्स वेगळ्याच जातीचा. फोनमध्ये बहुधा एक सरकणारी झूम लेन्स नसते, दोन-तीन स्थिर लेन्स असतात आणि मुख्य कॅमेऱ्याला एक एक्स धरून बाकीचं मोजतात. आयफोन १५ प्रो मॅक्सचा पाच एक्स म्हणजे १२० मिलिमीटरसारखी एक स्थिर लेन्स. दोन ते पाचच्या मधलं जे दिसतं ते मुख्य कॅमेऱ्याची प्रतिमा कापून आणि सॉफ्टवेअरने सावरून. हुआवेईने २०१९ मध्ये पी३० प्रोत आरसा-लोलक वापरून लेन्स आडवी झोपवली, तेव्हा पाच एक्स शक्य झालं. पुढच्याच वर्षी सॅमसंगने गॅलेक्सी एस२० अल्ट्राच्या पाठीवर शंभर एक्स छापलं, त्यातलं बहुतेक डिजिटल. कापण्याचा हिशेब वर्गाचा असतो: दोन एक्स कापलं की पिक्सेल पाव उरतात, दहा एक्सला शंभरावा भाग. पन्नास मेगापिक्सेलचा अर्धा मेगापिक्सेल. याउलट सोनीने २०२२ च्या एक्स्पीरिया १ आयव्हीमध्ये काचा खरोखर सरकणारी ८५-१२५ ची झूम बसवली. तिचा एक्स दीडपेक्षा कमी.

मग निवड करायची कशी? माझा सल्ला असा, की नवी लेन्स घेण्याआधी स्वतःच्या जुन्या फोटोंची माहिती उघडावी. प्रत्येक डिजिटल फोटोत फोकल लेंग्थ नोंदलेली असते, आणि बहुतेक संगणकीय अल्बममध्ये तिच्यानुसार फोटो वेगळे काढता येतात. जतन करावेसे वाटलेले फोटो तेवढे घ्या आणि त्यांचे आकडे बघा. मोठा वाटा १८ वर, लेन्सच्या रुंद टोकाला टेकून काढलेला निघाला, तर तुम्हाला मोठी झूम नकोच आहे, १०-१८ किंवा १०-२० सारखी वाइड हवी आहे. तिचा एक्स दोनच्या आत-बाहेर असतो आणि दुकानात ती कुणी आपण होऊन दाखवत नाही. वाटा मध्ये, ३५ ते ५० च्या आसपास असेल आणि फोटो घरातले, माणसांचे असतील, तर झूम बाजूला ठेवून एफ/१.८ ची प्राइम घ्यावी. फोटो २०० ला टेकलेले असतील, तर त्यांतले किती पक्ष्यांचे आणि किती स्टेजवरच्या माणसांचे हे पाहावं. पक्ष्यांना ४००-६०० लागेल. स्टेजवरच्या माणसांना पल्ला नव्हे, २.८ लागेल. १.४ चा टेलिकन्व्हर्टर लावून पल्ला वाढवायचा विचार असेल तर एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड जातो, २ च्या कन्व्हर्टरला दोन स्टॉप, हे आधी धरून चालावं. एफ/६.३ च्या लेन्सवर तो लावला की छिद्र एफ/९ पर्यंत आकसतं, आणि झाडीत ऑटोफोकस चाचपडू लागतो.

मोठ्या लेन्स पुण्या-मुंबईत दिवसाच्या भाड्याने मिळतात. भिगवणच्या एका फेरीपुरती १५०-६०० भाड्याने आणावी, नावेत बसून ती दोन तास हातावर तोलावी, पहिल्या उजेडात एफ/६.३ वर शटर एक हजारावर ठेवल्यावर आयएसओ कुठे जातो ते बघावं. नाव हलत असताना लेन्समधली स्थिरीकरणाची व्यवस्था थोडीच मदत करते, वेगवान शटरच लागतो, हेही तिथेच कळतं. लेन्स खाली तोंड करून लटकवल्यावर स्वतःच्या वजनाने पुढे घसरते का, तिला रोखणारं बटण आहे का, रिंग एका हालचालीत टोकापासून टोकापर्यंत जाते का की मनगट दोनदा वळवावं लागतं, याकडेही लक्ष द्यावं. पक्षी उडतो तेव्हा ६०० वरून १५० वर यायला तेवढाच वेळ असतो.